राजकीय संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतरची वाटचाल



स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. त्या वेळी मतदारांची संख्या सतरा कोटींच्या वर होती आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. उमेदवाराचे नाव वाचता येत नाही म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविण्यात आले. मतदान म्हणजे काय हे समजावून सांगणारा माहितीपट तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांतून दाखविण्यात आला. आकाशवाणीचेही साहाय्य घेण्यात आले. एवढे करूनही एक गोष्ट राहून गेलीच. मतदारयादी करणारे कर्मचारी घरोघर गेले, तेव्हा अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी' एवढीच ओळख दिली. अशी नोंद निवडणूक आयोगाला ग्राह्य मानता येईना. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून गळली. हा प्रकार मुख्यत्वे उत्तर व मध्य भारतातील राज्यांत घडला. राज्यघटनेने हक्क दिला होता, यंत्रणाही दारापर्यंत पोहोचली होती. उणीव राहिली ती दाराबाहेर उभा असलेला कर्मचारी आणि दाराआड उभी असलेली स्त्री यांच्यातील संभाषणाची.

राज्यसंस्था, राजकीय पक्ष, वृत्तपत्रे व अन्य प्रसारमाध्यमे आणि सामान्य नागरिक यांच्यात चालणाऱ्या या संभाषणाचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे राजकीय संज्ञापन. या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण पुढे काय करतात, त्या शिक्षणाने त्यांच्या व्यवसायाला कोणते वळण लागते, हा आजच्या विवेचनाचा विषय होय. 'याचा पोट भरायला उपयोग काय?' असा प्रश्न विद्यार्थ्यांचे पालक शिक्षकांना विचारतात आणि तो गैर नाही.

हा विषय प्रथम अमेरिकेत रुजला. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात सामना होता. त्या वेळी कोलंबिया विद्यापीठातील पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात एक अभिनव प्रयोग केला. त्याच त्या सुमारे सहाशे मतदारांच्या मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत पुन्हा पुन्हा मुलाखती घेण्यात आल्या. वृत्तपत्रे आणि रेडिओ यांच्या प्रचाराने माणसे मत कशी बदलतात हे पाहावे, असा हेतू होता. प्रत्यक्षात आढळले ते वेगळेच. जवळजवळ निम्म्या लोकांचा निर्णय मे महिन्यातच झालेला होता आणि प्रचार ऐकून एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलेली माणसे फारच थोडी निघाली. ज्यांचे मन दोलायमान होते, त्यांच्यावर छापील मजकुरापेक्षा शेजारी, नातलग, सहकारी यांचा प्रभाव अधिक होता. वृत्तपत्रातील विचार आधी गावातील काही जाणत्या माणसांकडे जातो आणि त्यांच्याकडून इतरांकडे झिरपतो, असा सिद्धान्त यातून १९४४ साली मांडला गेला. पाराशेजारी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारा गृहस्थ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा सिद्धान्त नवलाचा वाटणार नाही. परंतु अनुभवाने ठाऊक असलेली गोष्ट मोजून दाखविणे वेगळे आणि येथूनच हा विषय शास्त्राच्या पदवीला पोहोचला.

पुढे १९६८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल या गावी मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी मत निश्चित न झालेल्या शंभर मतदारांना देशापुढील महत्त्वाचे प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे वृत्तमाध्यमांतील मजकुराशी ताडून पाहिली. दोहोंत विलक्षण साम्य आढळले. माध्यमे लोकांचे मत ठरवोत वा न ठरवोत, लोकांनी कशाविषयी मत बनवावे हे मात्र बऱ्याच अंशी ठरवितात, असा त्याचा मथितार्थ. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात १९५९ च्या निवडणुकीपासून दूरचित्रवाणीच्या परिणामांचा अभ्यास सुरू झाला. तेथेही मतदारांची माहिती वाढली, मते फारशी बदलली नाहीत, असेच दिसून आले.

महाराष्ट्राला या विद्येचे प्रात्यक्षिक पुस्तकांच्या आधीच घडले होते. 'केसरी' १८८१ साली निघाला, तेव्हा संपादकांना शिकविणारे विद्यापीठ नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात अर्थशास्त्र आणि अन्य सामाजिक शास्त्रांचा अभ्यास केला, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले आणि त्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी विलायतेस गेले. त्याच संस्थेत आज राजकारण आणि संज्ञापन या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. लीड्स आणि लंडन विद्यापीठाचे गोल्डस्मिथ्स महाविद्यालय येथेही तशी सोय आहे.

भारतात या विषयाची स्वतंत्र पदवी विरळाच. बहुधा संज्ञापन किंवा राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एखादी अभ्यासपत्रिका म्हणून तो शिकविला जातो. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५० नंतरच्या दशकात पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले. पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत उभा राहिला. दिल्लीत १९६५ मध्ये भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली आणि कालांतराने तिच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रमही आला. पूर्वी या संस्थांतून मुख्यतः वार्ताहर आणि उपसंपादक बाहेर पडत. आता तसे राहिलेले नाही.

वर्गात काय शिकवितात?

विलायतेतील अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो आणि त्याचा शेवट सामान्यतः दहा ते पंधरा हजार शब्दांच्या लघुप्रबंधाने होतो. भारतात दोन वर्षे लागतात. सिद्धान्त, माध्यमांचा इतिहास, निवडणूक प्रचार, लोकमताचे मापन, माध्यमविषयक कायदे हे विषय सर्वत्र थोड्याफार फरकाने आढळतात. त्यांपैकी सिद्धान्तांची नावे विद्यार्थी पाचसहा वर्षांत विसरतो. टिकतात त्या दोन गोष्टी : आकडा वाचण्याची सवय आणि ऐकणाऱ्याच्या बाजूने मजकूर पाहण्याची सवय.

आकड्याचे उदाहरण घ्यावे. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या एक हजार मतदारांना प्रश्न विचारला, तर मिळालेल्या टक्केवारीत दोन्ही बाजूंना सुमारे तीन टक्क्यांची चूक संभवते. ही चूक निम्मी करावयाची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. मतदारसंघ दोन लाखांचा आहे की वीस लाखांचा, याने त्यात जवळजवळ फरक पडत नाही. नमुना कसा निवडला यालाच खरे महत्त्व. म्हणजे दोन उमेदवारांत दोन टक्क्यांचे अंतर दाखविणाऱ्या हजार माणसांच्या पाहणीवरून 'अमुक आघाडीवर' असा मथळा देणारा संपादक वाचकाला फसवीत असतो, बहुधा स्वतःही फसलेला असतो. एवढे कळलेल्या तरुणाला वृत्तसंस्थांत, मतसर्वेक्षण करणाऱ्या संशोधन संस्थांत आणि शासनाच्या योजनांचे मूल्यमापन करणाऱ्या यंत्रणांत जागा मिळते. दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने भारतातील मतदारांच्या वर्तनाचा जो दीर्घकालीन अभ्यास चालविला आहे, त्यासाठी राज्याराज्यांतील विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन खेड्यांत जात आले आहेत. त्या पायपिटीत मिळालेले शिक्षण कोणत्याही वर्गात मिळण्यासारखे नाही.

दुसरी सवय अधिक कठीण आणि अधिक मोलाची. शासकीय मराठीची अवस्था येथे बसलेल्या अधिकाऱ्यांना सांगावयास नको. 'सदर योजनेअंतर्गत विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करणेत यावेत' या वाक्यात नियमाचे सारे काही आहे. अर्ज कुठे मिळेल, कोणाला द्यावा आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे मात्र त्यात नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती आपणहून प्रसिद्ध करावी असे सांगितले आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात ही माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या त्या भागातील संज्ञापनाची सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी असेही म्हटले आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा ही साधने कायद्यानेच नमूद केली आहेत. म्हणजे गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी आणि नंदुरबारच्या डोंगरात पावरी बोलणाऱ्यांपर्यंत माहिती नेणे हा कोणा उत्साही कर्मचाऱ्याचा छंद नव्हे, ते विधिमंडळाच्या आणि संसदेच्या कायद्यांमागील अपेक्षित काम आहे. ते करावयास शिकलेली माणसे लागतात.

ग्रामसभेच्या नोटिशीचेच पाहा. नोटीस फलकावर लागते, दवंडी पिटली जाते, आता भ्रमणध्वनीवरही संदेश जातो आणि तरीही कोरमअभावी सभा तहकूब होते. पंचायतीचे सभासद म्हणतात, लोकांना आस्था नाही. संज्ञापनाचा विद्यार्थी आधी निराळे प्रश्न विचारील : सभेची वेळ मजुरीची आहे की मोकळी? विषयपत्रिकेत 'पाणीपट्टी आकारणीबाबत विचारविनिमय' असे लिहिले की दर कितीने वाढणार हे लिहिले? मागील सभेत लोकांनी जे मांडले, त्याचे पुढे काय झाले हे कोणी सांगितले का? ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, तेव्हापासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान आहे. तरीही या साध्या प्रश्नांची उत्तरे नोंदविलेले अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

नोकरीच्या वाटा

सरळ वाट माहिती सेवांची. केंद्राची माहिती सेवा १९६० पासून अस्तित्वात आहे आणि तिच्यातील नवीन अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण जनसंचार संस्थेत होते. राज्यात जिल्हा माहिती कार्यालये आहेत. तेथील पदांसाठी पत्रकारितेचे शिक्षण पाहिले जाते. या नोकरीत प्रवेश करणाऱ्यास एक रेषा रोज ओळखावी लागते. शासनाची माहिती देणे हे त्याचे काम, शासनात असलेल्या पक्षाची जाहिरात करणे हे नव्हे. ही रेषा सर्वोच्च न्यायालयालाही आखावी लागली. शासकीय जाहिराती कशा असाव्यात यासाठी प्रा. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मे २०१५ मध्ये न्यायालयाने त्याविषयी निर्णय दिला. जाहिरातींतील छायाचित्रांवर घातलेली मर्यादा पुढे २०१६ मध्ये काहीशी शिथिल झाली, तरी जाहिरात शासनाच्या कर्तव्याशी निगडित असावी, पक्षहिताशी नव्हे, हे तत्त्व कायम राहिले.

निवडणुकीच्या काळात याच विद्येला वेगळे काम मिळते. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिराती आधी तपासून प्रमाणित कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन बातम्या छापल्याची प्रकरणे चव्हाट्यावर आली. प्रेस कौन्सिलने त्यांची दखल घेतली. आज जिल्हास्तरावर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या असतात. बातमी कोणती आणि बातमीच्या वेषातील जाहिरात कोणती, हे तेथे मजकूर वाचून ठरवावे लागते. एकाच उमेदवाराची स्तुती तीन वृत्तपत्रांत शब्दशः सारखी आली, तर ती तीन वार्ताहरांनी लिहिलेली नाही, हे ओळखण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. पण ते कागदावर टिकेल असे सिद्ध करण्यास मजकूर-विश्लेषणाची पद्धत माहीत असावी लागते.

तिसरी वाट राजकीय पक्षांची आणि प्रचार सल्लागार संस्थांची. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपासून या क्षेत्रात तरुणांची मागणी फार वाढली. काम अहोरात्र असते, शिकावयास भरपूर मिळते, वयाच्या मानाने जबाबदारीही मोठी असते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र पुष्कळांचे करार संपतात. या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी हे आधी स्पष्ट सांगितलेले बरे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, मतदाराला समजून घेण्याचे आणि मतदाराला नकळत वळविण्याचे तंत्र एकाच पुस्तकातून शिकता येते. फेसबुक वापरणाऱ्या सुमारे पावणेनऊ कोटी लोकांची खाजगी माहिती केंब्रिज अॅनालिटिका या संस्थेच्या हाती गेल्याचे प्रकरण २०१८ मध्ये उघड झाले आणि ती संस्था त्याच वर्षी बंद पडली. तिच्यात काम करणारे लोक उत्तम विद्यापीठांत शिकलेले होते. भारतात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. गावातील मतदारांची यादी भ्रमणध्वनी क्रमांकांसह कोणी मागू लागला, तर ती कशासाठी हे विचारण्याचा अधिकार पंचायतीच्या सभासदांनीही समजून घ्यावयास हवा.

याशिवाय विधिमंडळाच्या कामकाजाचे वार्तांकन, स्वयंसेवी संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना, अध्यापन या वाटा आहेतच. त्यांचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे की, पहिल्या नोकरीत या पदवीचा प्रभाव फारसा दिसत नाही. तेथे टंकलेखन, भाषांतर आणि धावपळ हीच कामे असतात. चारपाच वर्षांनी निर्णय घेण्याची वेळ येते, तेव्हा शिक्षणाचा फरक जाणवू लागतो.

अफवा आणि विश्वासाची माणसे

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी काय घडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून पसरलेली होती. आठवड्याच्या बाजारासाठी लोक जमले होते. भिक्षेवर उपजीविका करणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. अफवांवर विश्वास ठेवू नका, असे आवाहन त्या दिवसांत प्रशासन करीतच होते. आवाहन निघत होते आणि अफवाही पोहोचत होती. दोन्हींतील अफवा अधिक ओळखीच्या तोंडून आली, एवढाच फरक.

ईरी परगण्यातील निष्कर्ष येथे आठवावा लागतो. पत्रक जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघते. त्यावर विश्वास बसतो तो पोलीस पाटील, सरपंच, शाळेचे गुरुजी किंवा आशा सेविका यांच्या तोंडून ऐकल्यावर. तेव्हा अफवेचा प्रतिकार करावयाचा तर या माणसांपर्यंत खरी माहिती आधी, त्यांच्या बोलीत आणि उलट प्रश्न विचारण्याची सोय ठेवून पोहोचली पाहिजे. त्यासाठी गावागावांतील अशा माणसांची नोंद संकट येण्यापूर्वीच असावी लागते. या कामाची जबाबदारी कोणत्याही एका कार्यालयाच्या कामवाटपात सहसा आढळत नाही. प्रशिक्षित तरुणाला जिल्हा प्रशासनात काय काम द्यावे असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी येथून सुरुवात करावी.

राहता राहिला प्रश्न, कोणत्या विद्यार्थ्याने या शिक्षणाकडे वळावे आणि ते परवडावे कसे. विषयाची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत, मराठीतील परिभाषाही अजून स्थिरावलेली नाही. त्यामुळे मराठी माध्यमातील विद्यार्थी पहिले सहा महिने बुजून असतो. पुढे मात्र गावगाड्याची माहिती त्याच्या कामी येते. परदेशी जाणाऱ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना उपलब्ध आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. पदवी मिळताच घाईने अर्ज करण्यापेक्षा दोन वर्षे जिल्हा वृत्तपत्रात किंवा एखाद्या संस्थेत काम करून मग गेलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येतात. नुसते टिपण घेऊन तो परतत नाही.

लघुप्रबंधाचा विषय निवडतानाही विद्यार्थी अमेरिकेच्या निवडणुकांकडे ओढला जातो. त्यावरील साहित्य ग्रंथालयात आयते मिळते, हे त्याचे कारण. शिक्षकांनी त्याला एखाद्या तालुक्यातील पाच ग्रामपंचायतींची दहा वर्षांची ग्रामसभेची इतिवृत्ते वाचावयास सांगावीत. कोणते विषय वारंवार आले, कोणी मांडले, स्त्रियांच्या नावावर किती बोलणे नोंदले गेले आणि कोणता ठराव पुढच्या सभेत नाहीसा झाला, हे त्यांतून काढता येईल. ही इतिवृत्ते कोठेही छापलेली नाहीत. ती पंचायतीच्या कपाटात आहेत आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ते कपाट उघडून दिले, तर विद्यार्थ्याचे काम त्याच दिवशी सुरू होऊ शकते.